बाप्तिस्म्यात नेमकं होतं काय?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही पुण्याच्या, हिंदू घरातल्या. यजमान वसईचे, कॅथलिक. लग्न चर्चमध्ये झालं, बिशपांची रीतसर परवानगी काढून. आता मुलगी पाच महिन्यांची आहे आणि सासूबाई रोज विचारतात, ‘बाप्तिस्म्याची तारीख कधी काढायची?’ तुम्हाला भांडायचं नाही, पण न समजता मानही डोलवायची नाही. बाप्तिस्म्याने नेमकं होतं काय, एवढ्याशा जिवाने पाप ते कुठलं केलं, मुलीला दिलेलं नदीचं नाव बदलावं लागेल का, तुमचा भाऊ धर्मपिता (गॉडफादर) होऊ शकतो का, उद्या तिलाच हे नको वाटलं तर काय, आणि लग्नाच्या वेळी तुम्ही स्वतः काही कबूल करून बसला आहात का, असं सगळं तुम्ही विचारलं आहे.

मी फादर नाही की सिस्टर नाही. शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. आमच्या धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) बाळांच्या आईबापांची बाप्तिस्म्याआधीची तयारी गेली २७ वर्षं घेते आहे. वर्गाला येणारे बहुतेक जण जन्मापासूनचे कॅथलिक असतात, आणि खरं सांगायचं तर तुमच्याइतके नेमके प्रश्न त्यांच्यातलं कोणी विचारत नाही. हॉल मिळेल ना आणि फोटोग्राफरला वेदीजवळ येऊ देतात ना, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

‘बाप्तिस्मा’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे घर तुटल्याचं चित्र उभं राहतं. त्याला कारण आहे. हा शब्द आपल्याकडे पोचला तो रेव्हरंड ना. वा. टिळक आणि पंडिता रमाबाई यांच्या चरित्रांतून. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराची काही वर्षं ताटातूट झाली. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये घेतला, त्याचा गहजब इकडे झाला. दोघंही प्रॉटेस्टंट, म्हणजे कॅथलिकांहून वेगळ्या पंथाचे ख्रिस्ती, झाले. दोघंही मोठ्या वयात, विचार करून, स्वतःच्या पायांनी चालत गेले. त्यांच्यासाठी तो उंबरठा ओलांडणं होतं. तुमच्या मुलीपुढे तसा उंबरठा नाही. ती जन्मली त्या घराचं निम्मं अंगण आधीच चर्चच्या बाजूला आहे. तेव्हा टिळकांच्या मापाने तुमच्या घरातली गोष्ट मोजू नका. (जाता जाता: पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने रीतसर झालेला प्रॉटेस्टंट बाप्तिस्माही कॅथलिक चर्च खराच मानतं. तसा माणूस पुढे कॅथलिक झाला तरी त्याचा पुन्हा बाप्तिस्मा होत नाही.)

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साधा आहे: बुडवणं. आम्ही मराठीत ‘स्नानसंस्कार’ म्हणतो तेव्हा त्याची धार जरा बोथट होते, कारण स्नान म्हटलं की मळ धुणं आठवतं. धुणं त्यात आहेच, पण पहिला अर्थ तो नाही. आमच्या पिढीतली वसईची मुलं बावखलात, म्हणजे गावातल्या तळ्यात, पोहायला शिकली. पहिल्यांदा कोणीतरी काकाने ढकलून दिलेलं असायचं. पाण्याखाली तो एक क्षण श्वास नाही, आवाज नाही, वर कुठे आणि खाली कुठे कळत नाही. मग डोकं वर येतं आणि छातीत जो श्वास शिरतो तो आयुष्यातला पहिलाच वाटतो. बायबलमध्ये संत पौल रोमकरांना पत्रात लिहितो ते याच अनुभवाच्या भाषेत: बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर मेलो, पुरले गेलो, आणि तो उठला तसे आपणही नव्या जीवनात चालण्यासाठी उठलो. म्हणजे कुंडातलं पाणी एकाच वेळी कबर आहे आणि गर्भही. कॅथलिक शिकवणीत बाप्तिस्म्याची फळं म्हणून जे जे सांगितलं जातं, पापक्षमा, देवाचं लेकरू होणं, ख्रिस्तसभेचा, म्हणजे चर्चचा, अवयव होणं, ते सगळं या एका बुडीतून वर आलेलं आहे. येशूच्या मरणात आणि उठण्यात या जिवाला जागा मिळते, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं.

आज आपल्याकडे बाळाच्या डोक्यावर तीन वेळा पाणी ओततात, बुडवत नाहीत. बुडवायलाही परवानगी आहे. ही काही नंतरची सोय नव्हे. वाहतं पाणी बरं, पण ते नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं, अशी सूचना अगदी आरंभीच्या ख्रिस्ती लिखाणातच सापडते. सीरियात दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं एक चर्च उत्खननात निघालं. चर्च कसलं, साधं राहतं घरच ते. पण त्याच्या एका खोलीत बाप्तिस्म्यासाठी कुंड बांधलेलं आहे आणि भिंतींवर चित्रं काढलेली आहेत. रोममधल्या लॅटरन चर्चशेजारची बाप्तिस्म्याची जुनी वास्तू अष्टकोनी आहे. सृष्टीचे सात दिवस, आणि ख्रिस्त उठला तो आठवा, नव्या सृष्टीचा. भिंतींची संख्याच अर्थ सांगते. त्या काळी मुख्य बाप्तिस्मे ईस्टरच्या आदल्या रात्री होत आणि तयारी दीर्घ असे. संत ऑगस्टीन ३८७ साली मिलानमध्ये असाच ईस्टरला बिशप अँब्रोज यांच्या हातून कुंडात उतरला, वय बत्तीस.

मग बाळांना कशासाठी? तुमचा हा आक्षेप फार जुना आहे, आणि तोही आमच्याच माणसाचा. साधारण २०० सालच्या सुमारास उत्तर आफ्रिकेतला टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक म्हणतो की लहान मुलांना एवढी घाई कशाला, त्यांना कळू द्या, मग येऊ देत. त्याने विरोध केला, यावरून त्या काळी बाळांना बाप्तिस्मा देत असत हेही सिद्ध होतं. त्याही आधी बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लुदिया नावाची जांभळ्या वस्त्रांची व्यापारीण आणि फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी यांनी ‘घरादारासकट’ बाप्तिस्मा घेतल्याचं आलेलं आहे. त्या घरांत तान्ही मुलं होती का ते लिहिलेलं नाही, पण घर म्हटलं की पाळणा आलाच, असं चर्च पहिल्यापासून समजत आलं.

मला स्वतःला हा मुद्दा पटला तो ‘दत्तक’ या शब्दाने. पौलाने हाच शब्द वापरला आहे: देव आपल्याला दत्तक घेतो. आपल्याकडे दत्तकविधान सगळ्यांना ठाऊक आहे. मांडीवर बसवलेलं मूल सही करत नाही, अटी वाचत नाही, लायकी सिद्ध करत नाही. नाव, घर, वारसा सगळं त्याला मिळतं. बांधले जातात ते घेणारे. बाळाच्या बाप्तिस्म्यात कॅथलिक श्रद्धेचा जो गाभा उघडा पडतो तो मोठ्यांच्या बाप्तिस्म्यात तितका दिसत नाही: देव पहिलं पाऊल टाकतो, माणसाच्या कमाईची वाट बघत नाही. मोठा माणूस कितीही नम्र असला तरी ‘मी निवडलं’ असं त्याच्या मनात राहतंच. पाच महिन्यांच्या मुलीला ती संधीच नाही.

आणि याच कारणाने बाळाचा बाप्तिस्मा हे मोठ्यांवरचं ओझं आहे. त्याकडे मी शेवटी येणार आहे.

आता पाप. तुमच्या मुलीने काहीही केलेलं नाही आणि चर्चही तसं म्हणत नाही. ‘मूळ पाप’ या शब्दातला ‘पाप’ हा शब्द नेहमीच्या अर्थाने घ्यायचा नसतो, असं कॅथलिक चर्चची अधिकृत धर्मशिक्षाच सांगते. ते केलेलं पाप नव्हे, मिळालेली अवस्था आहे. वर्गात मी सातबाऱ्याचं उदाहरण देते. आजोबांनी सोसायटीचं कर्ज काढलं, फेडलं नाही. उताऱ्यावर बोजा चढला. नातवाच्या नावावर जमीन आली ती बोजासकट आली. नातवाने कर्ज काढलं नाही, पण जमीन मोकळी नाही हेही खरं. मानवजात, सगळीच्या सगळी, देवापासून तुटलेल्या जमिनीवर जन्माला येते. एवढं चांगलं मूल असूनही वाढता वाढता खोटं बोलायला त्याला शिकवावं लागत नाही, खरं बोलायला शिकवावं लागतं. बाप्तिस्म्याने तो बोजा उतरतो. जमीन मात्र आपोआप पिकत नाही. बाप्तिस्म्यानंतरही मनाची पापाकडची ओढ शिल्लक राहते असं चर्च स्पष्ट सांगतं, आणि ते सांगायला चर्चची काही गरज नाही, आमच्या गावातल्या जमिनीच्या भांडणांकडे बघितलंत तरी पुरे. सगळे बाप्तिस्मा झालेले.

सासूबाईंच्या घाईमागे बहुधा वेगळी गोष्ट आहे, आणि ती समजून घ्या. त्यांच्या लहानपणी बाळं दगावत. बाप्तिस्म्याविना गेलेलं बाळ स्वर्गात जात नाही, ‘लिंबो’ नावाच्या एका मधल्या जागी राहतं, असं त्यांना शिकवलं गेलं. पुष्कळ ठिकाणी अशा बाळांना दफनभूमीच्या पवित्र जागेत मूठमातीही मिळत नसे. ज्या आयांनी हे सोसलं त्यांच्या मनातली भीती एका प्रवचनाने जात नाही. प्रत्यक्षात लिंबो हा धर्मशास्त्रींचा तर्क होता. चर्चचा सिद्धांत तो कधीच नव्हता. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने यावर सविस्तर लेख काढला: अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे. धर्मशिक्षेतलं वाक्य तर आणखी नेमकं आहे. देवाने तारण बाप्तिस्म्याशी जोडलं आहे, पण देव स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. आईबापांची बाप्तिस्म्याची इच्छा होती आणि बाळ आधीच गेलं, तर बिशपांच्या परवानगीने त्याचा चर्चमध्ये अंत्यविधीही होतो. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, सुनेच्या तोंडून ते उलटउत्तर वाटेल. फादरांना सांगायला लावा.

तरी धोका असेल तर चर्च थांबत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका जोडप्याचं बाळ सातव्या महिन्यात जन्मलं. रात्री अडीच वाजता डॉक्टरांनी हात टेकले. फादरांना फोन लागेना. तिथल्या नर्सबाई हिंदू होत्या, पण पूर्वी सिस्टरांच्या इस्पितळात काम केलेल्या. त्यांनी बापाला विचारलं, ‘मी पाणी घालू का?’ आणि नळाचं पाणी बोटांनी बाळाच्या कपाळावरून वाहू देत म्हणाल्या, ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते.’ तो पुरेपूर बाप्तिस्मा होता. निकडीच्या वेळी कोणीही देऊ शकतं, देणाऱ्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला असलाच पाहिजे असंही नाही. चर्च जे करतं तेच करण्याचा हेतू, पाणी आणि ते शब्द, बस्स. बाळ वाचलं. पुढे त्याला चर्चमध्ये आणलं तेव्हा तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती सगळं झालं, फक्त पाणी पुन्हा ओतलं नाही. नर्सबाई पहिल्या बाकावर होत्या.

शब्दांच्या बाबतीत मात्र चर्च कमालीचं कडक आहे. २०२० साली रोमहून स्पष्टीकरण आलं की ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असं अनेकवचनात म्हटलं तर बाप्तिस्मा झालाच नाही. अमेरिकेत एका धर्मगुरूने आपल्या लहानपणचा व्हिडिओ बघितला, त्यात नेमकं तेच वाक्य ऐकलं, आणि बिचाऱ्याला बाप्तिस्म्यापासून गुरुदीक्षेपर्यंत सगळे संस्कार नव्याने घ्यावे लागले. ऐकायला हे फार काथ्याकूट वाटतं. मलाही आधी वाटलं होतं. पण त्यामागचा विचार असा की बाप्तिस्मा मंडळी देत नाहीत, कुटुंबही देत नाही. धर्मगुरूच्या तोंडून ख्रिस्त देतो. ‘आम्ही’ म्हटलं की तो आमच्या गोतावळ्यात स्वागताचा कार्यक्रम होऊन बसतो.

वरची नर्सबाईंची गोष्ट ऐकून आमच्याच एका आजीबाईंच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. सून तयार नव्हती, तर यांनी नातवाला न्हाऊ घालताना गुपचूप ते शब्द म्हणून घेतले, आणि मला येऊन कौतुकाने सांगितलं. मी त्यांच्यावर चिडले, अजूनही त्या माझ्याशी नीट बोलत नाहीत. मरणाचा धोका नसताना आईबापांच्या पाठीमागे असं करणं चर्चच्या कायद्यात निषिद्ध आहे. या वाटेने काय अनर्थ झाला तेही सांगते. इटलीतल्या बोलोन्या शहरात एदगार्दो मोर्तारा नावाचा ज्यू मुलगा होता. तान्हेपणी तो आजारी पडला तेव्हा ख्रिस्ती मोलकरणीने त्याला गुपचूप बाप्तिस्मा दिला. बोलोन्यावर तेव्हा पोपचं राज्य होतं. बाप्तिस्मा झालेलं मूल ख्रिस्ती नसलेल्या घरात वाढू नये, या त्या वेळच्या कायद्यावर बोट ठेवून १८५८ साली सहा वर्षांच्या एदगार्दोला शिपायांनी घरातून उचलून नेलं. आईबापांनी आकाशपाताळ एक केलं, युरोपभर ओरड झाली, पोप नववे पायस हलले नाहीत. तो पुढे धर्मगुरू झाला आणि १९४० साली बेल्जियममध्ये वारला. काही जण आजही त्या निर्णयाचं समर्थन करतात. मला ते कधीच जमलं नाही.

आमच्या वसईचा इतिहासही सरळ नाही. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि मिशनरी आले. कोणी श्रद्धेने पाण्याखाली डोकं धरलं, कोणी सत्तेच्या दडपणाने, कोणी फायद्यासाठी. कुठल्या घराने कशासाठी, ते आता त्या घरालाही माहीत नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. इथले ख्रिस्ती राहिले, मराठी बोलत राहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ साली निःसंदिग्ध सांगितलं की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती होता कामा नये. उशिरा सांगितलं, पण सांगितलं.

आता तुमच्या लग्नाच्या वेळच्या कागदाबद्दल. मिश्रविवाहाची परवानगी देताना कॅथलिक जोडीदाराकडून वचन घेतात की मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावं म्हणून मी माझ्याकडून होईल तेवढं करीन. दुसऱ्या जोडीदाराकडून वचन घेत नाहीत; त्याला फक्त या वचनाची कल्पना देतात. म्हणजे सही यजमानांची, तुमची फक्त माहिती. ‘होईल तेवढं’ या शब्दांत तुमचा विवेक आणि तुमचा संसारही येतो. कायद्याने बाप्तिस्म्याला आईबापांपैकी एकाची संमती पुरते. पण एकाच्या संमतीवर, दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी असताना उरकलेले दोन बाप्तिस्मे मी बघितले आहेत, आणि त्या दोन्ही मुलांनी पुढे चर्चची पायरी चढलेली मला दिसली नाही.

विधीच्या दिवशी तुमच्या वाट्याला काय येईल ते सांगते. सुरुवात चर्चच्या दाराशी होते, वेदीपाशी नाही. धर्मगुरू मुलीचं नाव विचारतात, मग ‘देवाच्या ख्रिस्तसभेकडे तुम्ही काय मागता?’ असं विचारतात. तिच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात आणि आईबापांना, धर्ममातापित्यांना तशीच करायला सांगतात. वाचन, प्रार्थना, छातीवर तेल. मग सैतानाचा त्याग करता का, पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता का, असे प्रश्न येतात. इथे तुमचा जीव अडखळेल. तर ऐका: विधीच्या पुस्तकातच लिहिलं आहे की आईबापांपैकी कोणाला, समजा ते कॅथलिक नसल्यामुळे, श्रद्धेचा अंगीकार करता येत नसेल तर त्यांनी गप्प राहावं. मूल त्या श्रद्धेत शिकेल याला तुमची हरकत नसावी, एवढंच तुमच्याकडून अपेक्षित आहे. न मानणाऱ्या माणसाच्या तोंडून खोटं वदवून घ्यायची चर्चची इच्छा नाही, आणि मला हा नियम सबंध पुस्तकात सगळ्यात सभ्य वाटतो.

पाणी झाल्यावर टाळूवर क्रिझम नावाचं सुगंधी तेल लावतात. ऑलिव्हच्या तेलात सुगंधी राळ मिसळून बिशप ते वर्षातून एकदा, ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, सगळ्या धर्मग्रामांसाठी आशीर्वादित करतात. पूर्वी इस्राएलात याजक आणि राजे यांना तेल लावत. तुमच्या मुलीला तोच मान. मग पांढरं वस्त्र. आमच्याकडे हौशी मावश्या लेसचा एवढा घोळदार फ्रॉक आणतात की बाळ रडून लाल होतं. साधा सुती घ्या. मग मेणबत्ती, ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली. ती बाळाच्या हाती देता येत नाही, म्हणून बापाच्या किंवा धर्मपित्याच्या हाती देतात. ही ज्योत सांभाळणं तुमच्यावर सोपवलं आहे, असं धर्मगुरू त्या वेळी म्हणतात.

नाव बदलावं लागत नाही. ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव देऊ नये, एवढीच कायद्याची अट आहे. संताचंच हवं असं नाही. नदीच्या नावात विसंगत काय असणार? येशूचा स्वतःचा बाप्तिस्मा यार्देन नदीत झाला. सासूबाईंना हवं असेल तर आणखी एक नाव जोडून नोंदवता येतं, कागदोपत्री रोजचं नाव तेच राहतं.

भाऊ मात्र धर्मपिता होऊ शकणार नाही. धर्मपिता किंवा धर्ममाता कॅथलिक हवी, सहसा १६ वर्षं पूर्ण झालेली, दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) घेतलेली, आणि मुलीची आई किंवा बाप नसलेली. एकच असली तरी चालते. दोन असतील तर एक पुरुष, एक स्त्री. भावाला नकार मिळतो तो तो परका म्हणून नाही. त्याला उभं करून ‘विश्वास ठेवतोस का?’ विचारायचं आणि त्याने भाचीच्या प्रेमापोटी खोटं ‘हो’ म्हणायचं, हे बरं दिसेल का? बारशाला मामाचा मान तुमच्याकडे आहेच, तो त्याला तिथे द्या. आणि धर्मपिता निवडताना दुबईहून सोन्याची साखळी आणणारा चुलतभाऊ नको, जवळ राहणारा, रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, दिसणारा माणूस बघा.

उद्या तिला हे नको वाटलं तर? ती जाऊ शकेल, कोणी अडवणार नाही. पण बाप्तिस्मा पुसता येत नाही. आत्म्यावर कायमची खूण उमटते असं आम्ही मानतो. म्हणूनच सोडून गेलेला माणूस चाळीस वर्षांनी परत आला तरी त्याला पुन्हा पाणी घालत नाहीत, नुसतं आत घेतात. तुम्ही मानत नसाल, तर तुमच्या दृष्टीने ती रजिस्टरमधली एक ओळ आहे. आणि मानत असाल, तर लेकीने घर सोडलं तरी आईचं नातं सुटत नाही, तसं ते आहे. तिचा स्वतःचा शब्दही राहिलेला असतोच: आमच्याकडे साधारण शाळेची शेवटची वर्षं आली की दृढीकरण होतं, तिथे ‘हो’ तिला स्वतःच्या तोंडाने म्हणायचं असतं. काही मुलं तिथे थांबतात. मी त्यांना ओढत नाही.

आता ओझ्याकडे येते. बाप्तिस्मा द्यायचा तर मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा हवी, असं चर्चचा कायदा म्हणतो. ती आशा अजिबातच नसेल तर बाप्तिस्मा नाकारायचा नाही, पुढे ढकलायचा, आणि कारण आईबापांना समजावून सांगायचं. एरवी जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्मा व्हावा अशी अपेक्षा आहे, म्हणून सासूबाईंचं अगदीच चुकत नाही. पण साधार आशा कोणाच्या भरवशावर? तुमच्या पत्रात सासूबाई सात वेळा आल्या, यजमान दोनदा, आणि दोन्ही वेळा ‘तो म्हणतो, आईला बरं वाटेल.’ आईला बरं वाटणं हे काही कारण नव्हे. रात्री झोपताना मुलीच्या कपाळावर क्रूस कोण काढणार, रविवारी तिला बोट धरून कोण नेणार, ती सहा वर्षांची झाल्यावर ‘मम्मी का येत नाही?’ विचारील तेव्हा काय सांगणार, हे यजमानांना विचारा. सासूबाई ऐकत नसतील अशा वेळी विचारा. त्यांचं उत्तर ‘मी करीन’ असं आलं आणि तुम्हाला ते खरं वाटलं, तर तुम्ही गप्प उभं राहूनही हा बाप्तिस्मा चांगला होईल. उत्तर ‘बघू’ असं आलं, तर सहा महिने थांबा. मी स्वतः दोन-तीन कुटुंबांना थांबायला सांगितलं आहे, आणि त्यांतलं एक जोडपं वर्षाने आलं तेव्हा बापाला विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारी प्रार्थना, पाठ होता, जो लग्नाच्या वेळी नव्हता.

फादरांना भेटायला तिघं मिळून जा, मुलीला घेऊन. सासूबाईंना घरी ठेवू नका. लिंबोबद्दल त्यांना तिथेच ऐकू दे. आणि तारीख जानेवारीतली निघाली तर कोमट पाणी मागून घ्या. मागायला संकोचू नका, थंडी असेल तर पाणी आधी गरम करून घ्यावं असं विधीच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच छापलेलं आहे.